ज्याने नाक जोडले त्याचे नाव का नाही?

दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरून परत येतो. प्लास्टिक सर्जरी जगाला भारताने दिली, आमच्या ऋषीमुनींना सगळे ठाऊक होते, मेकॉलेने ते विसरायला लावले, वगैरे. हे गल्लीतल्या गप्पांपुरते राहिले असते तर सोडून दिले असते. पण २५ ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबईत एका मोठ्या रुग्णालयाच्या उद्घाटनात खुद्द पंतप्रधानांनी गणपतीचे उदाहरण दिले. माणसाच्या धडावर हत्तीचे डोके बसवणारा कुणी प्लास्टिक सर्जन त्या काळी असलाच पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे डॉक्टरांच्या सभेत सांगितले गेले.

आपली मुले यावर हसतात आणि पुढे जातात. माझे म्हणणे, हसून पुढे जाऊ नका. कारण प्लास्टिक सर्जरीचा खरा, कागदावर नोंदलेला भारतीय पुरावा गणपतीच्या गोष्टीत नाही, तो आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळ आहे. आणि त्या पुराव्यात जो माणूस आहे त्याला या मजकूरवाल्यांनी कधी हार घातलेला नाही. घालणारही नाहीत, कारण तो त्यांचा नाही.

तिसरे म्हैसूर युद्ध १७९२ साली संपले. इंग्रज, मराठे आणि निजाम एका बाजूला, टिपू दुसऱ्या बाजूला. इंग्रजी फौजेत बैल हाकण्याचे काम करणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. इंग्रजी वृत्तान्तात त्याला शेतकरी जातीतला मराठा म्हटले आहे. (नाव पारशी वाटते, पण लिहिणाऱ्याने जात स्पष्ट लिहिली आहे.) त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह तिचे वर्णन छापून आले.

ते वर्णन वाचण्यासारखे आहे. आधी मेणाची एक पातळ पट्टी नाकाच्या थोटकावर बसवायची आणि तिला नाकाचा आकार द्यायचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्या कडेने रेघ मारायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलायची, पण पूर्ण सुटी करायची नाही. दोन डोळ्यांच्या मधोमध एक चिंचोळा पट्टा जोडलेला ठेवायचा, म्हणजे रक्त चालू राहते. नाकाच्या थोटकाची कड ताजी करायची, कपाळाची कातडी पिळा देऊन खाली आणायची आणि त्या खाचेत बसवायची. वर चिकटवायला काय? इंग्रज लेखक 'टेरा जापोनिका' म्हणतो. टेरा जापोनिका म्हणजे कात, आपण पानाला लावतो तो. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावायचे. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. तीनेक आठवडे उलटले की डोळ्यांमधला तो जोडपट्टा कापून टाकायचा.

हे वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक छापले. तिथून ती युरोपभर गेली. कपाळाच्या कातडीचे नाक करण्याच्या या रीतीला सर्जन मंडळी आजही 'भारतीय पद्धत' म्हणतात.

आता मुद्द्याचे. कावसजीचे नाव छापले आहे. पाहणाऱ्या दोन गोऱ्या डॉक्टरांची नावे छापली आहेत. ज्याने नाक जोडले त्याचे नाव नाही. त्याच्याबद्दल एवढेच लिहिले आहे की तो विटा करणाऱ्यांच्या जातीतला होता. विटा करणारा म्हणजे आपल्याकडे बहुधा कुंभार. तो ज्याने पट्ट्या चिकटवत होता त्या काताकडेही बघा. खैराच्या गाभ्यातला तो अर्क जंगलात कढवून काढणारी जमात म्हणजे कातकरी, त्यांचे नावच त्या कामावरून पडले. म्हणजे हातही खालच्या मानलेल्या जातीचा आणि औषधही तशाच हातांचे. या सगळ्या प्रसंगात शेंडी-जानव्याचा वैद्य कुठेच नाही. पुणे ही पेशव्यांची राजधानी, रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात होती त्याच काळातली ही गोष्ट.

मग सुश्रुताचे काय? सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे, हे खरेच आहे. पण तिथे नाकाच्या मापाचे पान घेऊन गालाच्या बाजूची कातडी वापरायला सांगितली आहे. पुण्याच्या कारागिराने कपाळाची घेतली. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी ही कृती बदलली, चुका केल्या, पुन्हा करून पाहिली आणि सुधारली. गालावर व्रण ठेवण्यापेक्षा कपाळाची कातडी बरी हे कुणाच्या तरी हाताला कळले. हे पोथीत बसून होत नाही. ते करणारे लोक पोथी लिहिणारे नव्हते, म्हणून तो इतिहास लिहिला गेला नाही आणि म्हणून आज सगळे श्रेय पोथीला जाते.

पोथीत काय आहे तेही नीट पाहू, कारण आपल्यातले काही कार्यकर्ते सुश्रुत म्हटले की सरळ थट्टा करतात. ते बरोबर नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मेलेल्या माणसाचे शरीर आतून कसे पाहावे याची पद्धत दिली आहे. सगळे अवयव शाबूत असलेले, विषाने किंवा फार दिवसांच्या आजाराने न मेलेले, फार म्हातारे नसलेले प्रेत घ्यावे. आतड्यातला मळ काढावा. मुंज गवत, साल, कुश, ताग यांपैकी कशात तरी ते गुंडाळून पिंजऱ्यात घालावे आणि वाहत्या नदीत, आडबाजूला बांधून ठेवावे. सात रात्रींनी कुजले की बाहेर काढून वाळा, केस, बांबू असल्या कशाच्या तरी कुंच्याने हळूहळू घासत कातडीपासून आतपर्यंत एकेक भाग डोळ्यांनी पाहावा. त्या काळात हे सांगणे ही मोठी गोष्ट आहे. शास्त्र वाचले आणि डोळ्यांनीही पाहिले, दोन्ही झाले तरच ज्ञान वाढते, हे त्या ग्रंथात स्पष्ट आहे.

पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे सुरी नाही, कुंचा आहे. प्रेताला हात न लावता पाहण्याची ही सोय असावी, असे माझे अनुमान. दुसरी जास्त महत्त्वाची. त्याच ग्रंथात विद्यार्थ्यांनी सराव कशावर करावा हे सांगितले आहे: कापण्याचा सराव कोहळा, कलिंगड, काकडीवर, खरवडण्याचा सराव केसाळ कातड्यावर, शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर. हे कातडे कोण आणून देत होते? मेलेले जनावर कोण ओढून आणत होते? ग्रंथ गप्प आहे. शूद्र चांगल्या कुळाचा आणि गुणी असेल तर मंत्र न देता, उपनयन न करता त्याला शिकवावे असे काहींचे मत आहे, एवढी एक खिडकी त्यात उघडी ठेवलेली दिसते. त्या खिडकीच्याही बाहेर जे उभे होते त्यांचा उल्लेख नाही.

आणि मग मनुस्मृती येते. बाबासाहेबांच्या उपस्थितीत २५ डिसेंबर १९२७ला महाडला ती जाळली हे आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पण वैद्यकाच्या बाजूने ती वाचली आहे का? पाचव्या अध्यायात एक श्लोक आहे. कुणाला शिवल्यावर आंघोळ करावी लागते, याची त्यात यादी आहे: चांडाळ, रजस्वला स्त्री, पतित, बाळंतीण, प्रेत आणि प्रेताला शिवलेला माणूस. एका श्लोकात सगळे. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. एम.ए.ला अस्पृश्यतेवरचे पुष्कळ सिद्धांत वाचले, पण वैद्यकाचा इतिहास समजून घेताना या एका यादीइतके स्पष्ट मला काही सापडले नाही. ज्या शरीरांना हात लावल्याशिवाय वैद्यक शिकताच येत नाही, नेमकी तीच शरीरे विटाळाच्या यादीत. पाळी, बाळंतपण, मृत्यू. आणि ज्यांनी या शरीरांना हात लावायचा ते चांडाळ त्याच यादीत अगदी पहिले.

मनूने वैद्यालाही सोडलेले नाही. वैद्याच्या घरचे अन्न म्हणजे पू, असे चौथ्या अध्यायात आहे. श्राद्धाला वैद्य बोलावू नये, असे तिसऱ्यात आहे. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ सालच्या आपल्या प्राचीन भारतातील विज्ञान आणि समाजावरच्या ग्रंथात हाच धागा मागे थेट वैदिक संहितांपर्यंत नेला आहे. अश्विनीकुमार हे देवांचे वैद्य, पण माणसांत मिसळतात म्हणून अपवित्र, त्यांना सोमपानाचा हक्क नाही, ही कथा तिथेच सापडते. माणसांत मिसळणे हा वैद्याचा दोष!

त्याच्याही आधी, १९०२ साली, बंगालचे रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड काढला. राय काही आंबेडकरवादी नव्हते. पण त्यांनी लिहून ठेवले की जातिव्यवस्था घट्ट झाली, प्रेताचा स्पर्श पाप ठरला, हत्यार धरणे हलके ठरले आणि शरीररचनाशास्त्र व शल्यकर्म हिंदूंच्या हातून गेले. कारागिरी खालच्या जातींकडे गेली आणि विचार करणारे वर्ग हाताने काम करीनासे झाले, त्यामुळे 'का' आणि 'कसे' हे प्रश्नच मेले. हाडांचेच पाहा. चरकसंहिता ३६० हाडे सांगते, सुश्रुत ३००. त्यांच्या मोजणीत दात, कूर्चा वगैरेही येतात, म्हणून आजच्या २०६ या आकड्याशी थेट तुलना करून हिणवण्यात अर्थ नाही. पण पुढे शतकानुशतके ग्रंथामागून ग्रंथ झाले आणि आकडा एका पोथीतून दुसऱ्या पोथीत उतरत राहिला. प्रेत उघडून पुन्हा मोजायचे तर त्याला शिवावे लागणार होते.

कुणी म्हणेल, युरोपातही असेच होते की. होते, आणि हा मुद्दा आपण टाळू नये. पंधराव्या शतकाच्या शेवटी छापलेल्या इटालियन वैद्यक पुस्तकात एक चित्र आहे. प्राध्यापक उंच आसनावर बसून पुस्तक वाचतो आहे. खाली टेबलावर प्रेत, आणि सुरी हातात घेतलेला माणूस वेगळाच. हे कापायचे काम न्हाव्याकडे असे. त्याला लॅटिन येत नाही, प्राध्यापकाला सुरी धरता येत नाही. पुस्तक गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचे, ज्याने माकडे-डुकरे कापून माणसाबद्दल लिहिले होते. प्रेतात दिसते ते पुस्तकाशी जुळले नाही तर पुस्तक बरोबर. आपल्याला हे दृश्य अनोळखी वाटायचे कारण नाही.

फरक पुढे पडला. पादुआच्या आंद्रेआस वेसालियसने सुरी स्वतःच्या हातात घेतली आणि १५४३ साली त्याचा मानवी शरीररचनेवरचा ग्रंथ आला. त्याच्या मुखपृष्ठावरच्या चित्रात तो स्वतः प्रेताजवळ उभा आहे, हात प्रेताला लावून. खालच्या जबड्याचे हाड माणसात दोन तुकड्यांचे नसून एकच आहे, असल्या गेलनच्या कितीतरी चुका त्याने दाखवल्या. फ्रान्समध्ये आंब्रोज पारे हा न्हावी-सर्जन, लॅटिन न येणारा माणूस, राजांचा सर्जन झाला आणि त्याने आपल्या भाषेत पुस्तके लिहिली. न्हाव्याची वस्तऱ्याची विद्या आणि प्राध्यापकाची पुस्तकी विद्या एका माणसात येऊ शकली. त्याला विरोध झाला, कुचेष्टा झाली, पण जन्माने ते अशक्य नव्हते.

आपल्याकडे ते जन्मानेच अशक्य होते. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सांगितलेली गोष्ट इथे लावून पाहा. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नुसती नाही, ती श्रम करणाऱ्यांचीच विभागणी आहे, तीही एकाला वर आणि एकाला खाली ठेवणारी. पुण्याचा तो वीटकर कितीही निष्णात असला तरी पाठशाळेत बसून तो सुश्रुताची गालाची कृती आणि आपली कपाळाची कृती ताडून पाहू शकत नव्हता. आणि पाठशाळेतला शास्त्री वीटभट्टीवर जाऊन 'मला दाखव' म्हणू शकत नव्हता. दोघांच्या मध्ये भिंत होती. तिच्या एका बाजूला सुधारत गेलेली पण न लिहिलेली विद्या, दुसऱ्या बाजूला लिहिलेली पण गोठलेली. शेवटी ती भिंत ओलांडून पाहायला दोन परदेशी डॉक्टर यावे लागले. ते जात मानत नव्हते म्हणून नव्हे, त्यांना त्या विद्येची गरज होती म्हणून.

युरोपाला डोक्यावर घ्यायचेही कारण नाही. तिथे प्रेते कुणाची होती ते बघा. आधी फाशी गेलेल्या खुन्यांची. ती पुरेनात म्हणून कबरी उकरल्या जाऊ लागल्या. एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी १८२८ साली १६ माणसे मारून त्यांची प्रेते शरीरशास्त्राच्या शिक्षकाला विकली. मग १८३२चा कायदा आला आणि गरिबांच्या आश्रयगृहांत मेलेली, कुणी न्यायला न आलेली माणसे टेबलावर येऊ लागली. ज्ञान सगळ्यांचे, शरीर मात्र गरिबाचे.

तोच साचा इंग्रजांबरोबर इकडे आला. कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज १८३५चे. १८३६ साली तिथे मधुसूदन गुप्त यांनी प्रेतावर सुरी चालवली, तेव्हा हिंदू समाजातली केवढी मोठी रूढी मोडली असे आजही सांगितले जाते. ते धैर्य होतेच, मी नाकारत नाही. पण 'हिंदूंनी पहिल्यांदा प्रेताला हात लावला' हे वाक्य वाचले की मला हसू येते. कोणत्या हिंदूंनी? कलकत्त्याच्या घाटांवर डोम पिढ्यान्‌पिढ्या प्रेते जाळत होते. आपल्या गावागावांत मढ्याची लाकडे वाहणे, मौतीचा सांगावा चार गावांना पोचवणे, मेलेले ढोर ओढून नेणे हे महाराच्या वतनातले काम होते. त्यांचा हात लागला तो इतिहासात धरला जात नाही. पवित्र हात लागला की इतिहास सुरू होतो.

आमच्या फोंडाघाटातून दोन रस्ते निघतात. एक घाट चढून दाजीपूर-राधानगरीवरून कोल्हापूरला जातो, दुसरा खाली कणकवलीला आणि तिथून गोव्याकडे. आजही मोठे दुखणे आले की आमची माणसे या दोन दिशांपैकी एक धरतात, आणि पुष्कळांची गाडी गोव्यात बांबोळीला जाते. ज्या गोवा मेडिकल कॉलेजात ती जातात त्याचे मूळ १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या पोर्तुगीज वैद्यक शाळेत आहे. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज तीन वर्षांनी, १८४५ला निघाले. म्हणजे वैद्यकशिक्षण आमच्यापासून लांब नव्हते, तेरेखोलच्या पलीकडेच होते. पण पणजीला शिकणारे बहुतेक उच्चजातीय ख्रिस्ती घराण्यांतले. मुंबईत १८५१ला बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, आणि बाकी पारशी व ख्रिस्ती विद्यार्थी. भाऊ दाजी गोव्यात जन्मलेले, महारोगावर उपाय शोधण्यासाठी झटलेले. आत्माराम पांडुरंगांच्या घरी १८६७ला प्रार्थना समाज उभा राहिला. ही माणसे लहान नव्हती. पण अस्पृश्य मानलेल्या समाजातला त्यात कुणी नव्हता, आणि असणार कसा? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाचा अर्ज फेटाळला, आणि मुंबई सरकारने त्यात हात घालायचे नाकारले. हे प्रकरण बाबासाहेबांनी पुढे वारंवार पुढे मांडले. शाळेचेच दार बंद, तर मेडिकल कॉलेजची पायरी कुठून दिसणार?

प्रेत म्हणून मात्र आपल्याला प्रवेश होता. मुंबई राज्याने १९४९ला शरीरशास्त्रविषयक कायदा केला. ठरावीक मुदतीत नातेवाईक पुढे आला नाही तर बेवारस प्रेत वैद्यकीय शिक्षणासाठी देता येते, अशी त्यात तरतूद आहे. कायदा गरजेचा होता, त्याशिवाय डॉक्टर तयार होत नाहीत, हे मी मानते. पण बेवारस कोण मरतो? रस्त्यावर झोपणारा, गाव सोडून आलेला, ज्याच्या घरच्यांना गाडीभाडे परवडत नाही तो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांच्या कामांची यादी आहे, तिच्यात एक काम असे की ज्याला कुणी नातलग नाही असे प्रेत त्यांनी उचलावे. बेवारसाला उचलणारे आम्हीच, आणि बेवारस पडणारेही आम्हीच.

दोन वर्षांपूर्वी वाडीतल्या एका मुलाच्या अपघाती मृत्यूनंतर मी त्याच्या घरच्यांबरोबर एका सरकारी रुग्णालयाच्या शवागाराबाहेर चार तास बसले होते. नाव लिहीत नाही, कारण ही एका रुग्णालयाची गोष्ट नाही. आत कवटी उघडण्याचे, छाती खोलण्याचे, नंतर सगळे शिवून प्रेत नीट करून देण्याचे काम ज्याने केले तो कागदोपत्री सफाई कामगार. डॉक्टर थोड्या अंतरावर उभे राहून टिपण घेत होते, अहवालावर सही त्यांची. कामगार बाहेर आल्यावर आम्ही बोललो. त्याचे वडीलही हेच काम करत. कवटी कुठून कापली म्हणजे मेंदूला धक्का लागत नाही, बुडालेल्याची फुप्फुसे हाताला कशी लागतात, हे तो मला सहज सांगत होता. प्रशिक्षण? वडिलांबरोबर उभा राहून. हातमोजे? असले तर. "मेलेल्याक कित्याक भियाचा ताई, जखम झाली तर ताप येता त्येचा भय," तो म्हणाला. त्या उंच आसनावरच्या प्राध्यापकाचे आणि खाली कापणाऱ्या न्हाव्याचे चित्र मला तिथे आठवले. पाचशे वर्षांपूर्वी इटलीने पुसायला घेतलेले चित्र आपल्या तालुक्याच्या गावी अजून टांगलेले आहे. स्वतः सुरी हातात घेणारे डॉक्टर आहेत, त्यांना माझा सलाम. पण ते अपवाद का ठरावेत?

इथे एक धोका आहे, तो सांगितलाच पाहिजे. 'आपल्या पूर्वजांनाच खरी शरीरविद्या होती' असा अभिमान आपल्यातही हल्ली ऐकू येतो. ढोर सोलणाऱ्याला कुठला स्नायू कुठे जोडलेला ते कळत होते. सुईणीला आडवे मूल फिरवता येत होते. खरे आहे. आमच्या भागातल्या कितीतरी बाळंतपणांना पूर्वी खालच्या मानलेल्या जातीच्या बायकाच धावून जात, आणि काम झाले की त्यांना अंगणाबाहेर उभे केले जाई. पण तो धंदा त्यांनी निवडलेला नव्हता. बाबासाहेबांनी मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले आणि १९२८ला महार वतनाविरुद्ध कायदेमंडळात विधेयक आणले. ते या विद्येचा अपमान करत नव्हते. जन्माने लादलेले काम कितीही कौशल्याचे असले तरी ती गुलामीच, असे त्यांचे सांगणे होते. ११ जुलै २०१६ला गुजरातमध्ये उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले, तेव्हा तिथल्या दलितांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीसमोर नेऊन टाकली. आम्हाला ते काम परत नको. आम्हाला दोन गोष्टी हव्यात. झालेल्या कामाचे श्रेय आणि पुढच्या शिक्षणाचे दार.

दुसरा धोका जीवकाचा. विनयपिटकाच्या महावग्गात जीवक कोमारभच्चाची कथा आहे. राजगृहातल्या सालवती गणिकेचा मुलगा, जन्मताच उकिरड्यावर टाकलेला, अभय राजपुत्राने वाढवलेला. तक्षशिलेला सात वर्षे शिकला. औषधी नाही अशी वनस्पती शोधून आण म्हटल्यावर रिकाम्या हाताने परत आला आणि म्हणून उत्तीर्ण झाला. पुढे त्याने एका श्रेष्ठीची कवटी उघडून किडे काढले, असे त्या कथेत आहे. आता हे घेऊन आपण 'जगातली पहिली मेंदूची शस्त्रक्रिया बौद्धांची' असे मजकूर फिरवू लागलो, तर आपल्यात आणि गणपतीवाल्यांत फरक काय? कथा म्हणून तिच्यात जे आहे ते पुरेसे मोठे आहे: उकिरड्यावरचे, बापाचा पत्ता नसलेले पोर तक्षशिलेत शिकू शकते आणि बुद्धाचा वैद्य होऊ शकते, असे ज्या परंपरेला सांगावेसे वाटले ती परंपरा मनूच्या उलट टोकाची आहे. त्याच महावग्गात हगवणीने स्वतःच्या घाणीत पडलेला एक भिक्खू आहे, ज्याच्याकडे कुणी पाहत नाही. तथागत आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून बिछान्यावर ठेवतात, आणि मग संघाला सांगतात की ज्याला माझी सेवा करायची त्याने आजाऱ्याची करावी. केनेथ झिस्क या अभ्यासकाने १९९१च्या ग्रंथात असे मांडले आहे की भारतीय वैद्यक पोथीत बांधले जाण्याआधी श्रमणांमध्ये, विशेषतः बौद्ध विहारांत, वाढले. भिक्खू स्मशानात बसून कुजणारे प्रेत पाहत, केसांपासून मूत्रापर्यंत शरीराच्या भागांची यादी ध्यानासाठी म्हणत. ती यादी शस्त्रक्रियेसाठी नव्हती, आसक्ती सुटावी म्हणून होती. पण प्रेताकडे पाहणे हा तिथे विटाळ नव्हता, आणि शरीराच्या अभ्यासाची सुरुवात तिथूनच होते.

आधुनिक काळात हा धागा आपल्याकडे सत्यशोधकांनी उचललेला दिसतो. गवळी समाजातले डॉ. विश्राम रामजी घोले सत्यशोधक समाजाचे पुढारी होते आणि १८८८ला जोतिरावांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांनीच उपचार केले. जोतिराव-सावित्रीमाईंनी दत्तक घेतलेला यशवंत डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात त्याने पुण्याबाहेर दवाखाना मांडला. मुंढव्याच्या महारवाड्यातला प्लेग झालेला मुलगा सावित्रीमाई स्वतः पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. १० मार्च १८९७ला त्या प्लेगानेच गेल्या.

२२ मे २०१९ला मुंबईत महापालिकेच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्र शिकणाऱ्या डॉ. पायल तडवीने आपला जीव दिला. ती आदिवासी समाजातली होती. वरिष्ठांनी जातीवरून छळले असा तिच्या घरच्यांचा आरोप आहे, खटला न्यायालयात आहे, म्हणून त्यावर इथे जास्त लिहिणार नाही. तिच्या आईने मात्र मुलीसाठी जी लढाई चालवली आहे ती आपल्या प्रत्येक मेडिकलच्या विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावी. आता आमच्या ओरोसलाही सरकारी मेडिकल कॉलेज झाले आहे. वाडीतल्या मुली बारावीला विज्ञान घेताहेत, त्यातल्या दोघी नीटची तयारी करताहेत. त्यांना मी सुश्रुत वाचायला दिला आहे, वेसालियसची चित्रे दाखवली आहेत आणि त्या वीटकराची गोष्ट सांगितली आहे. त्यातली धाकटी म्हणाली, त्याचं नाव शोधायला पाहिजे ना ताई. पेशवे दप्तरात, त्या काळच्या बखरीत, इंग्रजांच्या पत्रव्यवहारात कुठे असेल का? असेल तर मोडी यावी लागेल. शेजारच्या गावात मोडी शिकवणारे एक निवृत्त गुरुजी आहेत, रविवारी त्यांच्याकडे जायचे ठरले आहे.

दरम्यान, शवागारातल्या त्या कामगाराचा अर्ज आम्ही लिहून दिला. पदाचे नाव बदलावे, रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यावे, धोक्याचा भत्ता आणि कावीळ-बची लस द्यावी, आणि शवविच्छेदनाच्या अहवालात सहायक म्हणून त्याचे नाव लिहावे. शेवटच्या मागणीवर कारकून म्हणाला, फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही. अर्जाची पोच घेऊन ठेवली आहे.